अठरा तासांचा अभ्यास आणि सात तासांची झोप

ताडीवाला रोड असो, येरवडा असो की दापोडी, यंदाही आपल्या वस्तीतील काही मुलामुलींनी लॉ कॉलेजात प्रवेश घेतला असेल. त्यांचे मनापासून अभिनंदन! अशा वेळी घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. तूही कर."

जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो चांगलाच आहे. पण ते एका दिवसाचे अभिवादन आहे, वर्षभराचे वेळापत्रक नव्हे. त्या कष्टांची किंमतही मुलांना सांगा. लंडनमध्ये अर्धपोटी राहून बाबासाहेब अर्थशास्त्र आणि कायदा एकाच वेळी शिकले. पुढे मधुमेह जडला, पायांच्या वेदनांनी झोप उडाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, यांच्याशी विवाह केला. प्रकृतीची काळजी घेणारे माणूस जवळ हवे, हेही त्यामागचे एक कारण होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांनी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे मांडला, तोही ढासळत्या प्रकृतीनिशी. १९५६ साली, अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांनी उपास काढले ते नाइलाजाने. आपल्या मुलांनी ते हौसेने काढू नयेत.

मुलांनो, मराठी शाळेतून आलेल्याला कायद्याचे इंग्रजी पहिले काही महिने जड जातेच. एका पानाला तास लागला म्हणून बुद्धी कमी ठरत नाही. भाषा नवी आहे इतकेच. निकाल वाचताना चारच गोष्टी वहीत लिहा : काय घडले, वाद कशाचा, कोर्टाने काय ठरवले आणि का. अडलेल्या शब्दांची वही वेगळी ठेवा. तिघाचौघांनी मिळून वाचा. सकाळी उपाशी निघू नका आणि सात तास झोपा. झोप झाली नाही तर वाचलेले डोक्यात राहत नाही.

आईवडिलांनो, तुमच्याकडेही काम आहे. मूल पहिल्या वर्षाला जाताच शेजारपाजारचे लोक पोलीस चौकीची, घरभाड्याची, फारकतीची भांडणे घेऊन त्याच्याकडे येतात. सनद मिळेपर्यंत त्याला वकिली करता येत नाही, आणि चुकीच्या सल्ल्याचे ओझे मात्र त्याच्या मनावर बसते. अशांना शिवाजीनगर कोर्टातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींतील लोकांना तेथे मोफत वकील मिळतो. पोराच्या अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद ठेवा. मार्क किती पडले, हे विचारण्याआधी जेवलास का, हे विचारा.

दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मूल कुणाशी बोलत नाही, असे दिसले तर "नाटके करतो" म्हणू नका. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच ना? ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत, फुकट बोलता येते. आणि "जगून काय करू" असे शब्द तोंडून निघाले तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पेपर राहिला तर पुन्हा देता येतो. आपल्याला वकील हवेत, पण त्याआधी आपली लेकरे धडधाकट हवीत.