आपला ‘नको’ आणि हैदराबादचा ‘नक्को’

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या आज्या सांगत आल्या. कुठल्याही सुखवस्तू घरातले कपाट उघडून बघा, एक तरी खण या म्हणीचा पुरावा म्हणून सापडेल. दोनदाच वापरलेली क्रीमची बाटली, सहलीत घेतलेली आणि कधीच न घातलेली माळ, सांधेदुखीवरचे कसले तरी तेल... यातले काहीच गरज म्हणून आलेले नसते. समोरच्या माणसाला ‘नको’ म्हणणे जड गेले, म्हणून ते घरात आले.

या भिडेचा धंदा किती पद्धतशीर करता येतो हे बघायचे तर पर्यटकांच्या मोठ्या बोटींवरचे स्पा बघावेत. गोव्यातल्या वाचकाला हे जग परके नाही. मुरगाव बंदराला या बोटी लागतात आणि आपल्याकडे वाड्यावाड्यावर एखादा तारवटी असतोच. हल्ली मुलीही जातात. आमच्या शेजारची एक मुलगी दोन करार बोटीवरच्या स्पामध्ये करून आली. तिच्याकडून ऐकलेले चित्र असे. गिऱ्हाईक टेबलावर पालथे पडलेले, डोळे मिटलेले, मंद संगीत, सुवासिक तेल. पन्नास मिनिटे अंग मोकळे होते. मग तोच मऊ आवाज सांगू लागतो की तुमची त्वचा फार कोरडी आहे, पाठीत गाठी आहेत, शरीरात विषारी द्रव्ये साठली आहेत. कपडे घालून बाहेर यावे तर कागद तयार! डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा, त्यावर चार क्रीमांवर खुणा केलेल्या. पैसे रोख द्यायचे नसतातच. खोलीची चावी असलेले कार्ड दाखवले की झाले, हिशोब शेवटच्या दिवशी.

हे स्पा बहुतेक वेळा बोटीची कंपनी स्वतः चालवत नाही, त्याचा ठेका दिलेला असतो. अनेक वर्षे या धंद्यात मूळच्या लंडनच्या स्टायनर कंपनीचे नाव मोठे होते, आणि एलेमिस ही प्रसाधनेही तिच्याच मालकीची होती. २०१९ साली एलेमिस ९० कोटी डॉलरना लॉक्सितान कंपनीकडे गेली आणि बोटींवरच्या स्पांचा व्यवसाय वनस्पावर्ल्ड या नावाने अमेरिकेच्या शेअर बाजारात आला. मालिश करणारा हात आणि क्रीमची बाटली इतकी वर्षे एकाच घरची असेल, तर सल्ला कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली हे टेबलावर पडलेल्या माणसाने ओळखायचे कसे?

पण यासाठी समुद्रातच जायला पाहिजे असे नाही. मला हा प्रकार समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या हैदराबादेत दिसला, आणि त्यावरचा उताराही तिथेच सापडला.

एलटीसीवर गेलो होतो. शहर दाखवणाऱ्या गाडीने चारमिनारच्या आधी आम्हाला एका मोत्यांच्या दुकानात उतरवले. ‘बघायला काय, पैसे पडत नाहीत,’ असे गाडीवाला म्हणाला. आत गारवा, गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात चहा. आम्ही आत आल्यावर दार लोटले गेले. मग प्रयोग सुरू झाले. मोत्याला लायटरची ज्योत लावली, तो जळला नाही. दोन मोती एकमेकांवर घासले, पांढरी भुकटी पडली. ‘देखिए, असली!’ आमच्या गाडीतल्या एका आजोबांनी पत्नीसाठी सेट घेतला. त्या बाई हळूच ‘नको हो, कुठे घालणार मी’ म्हणत होत्या. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, ‘अहो, चहा प्यायलो ना त्यांचा!’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दहा रुपयांच्या चहाने कित्येक हजारांची भीड विकत घेतली!

आता त्या प्रयोगांविषयी थोडेसे. हैदराबादला समुद्र नाही, तिथे मोती पिकत नाही. निझामाच्या काळात मोती येत ते इराणच्या आखातातून, बसऱ्याचे मोती म्हणून. निझामाचे जे दागिने भारत सरकारने १९९५ साली विकत घेतले, त्यांत बसऱ्याच्या मोत्यांचा सातपदरी हार आहे. हैदराबादचे खरे कसब म्हणजे मोती निवडणे, त्यांना वेज पाडणे आणि ओवणे. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती तयार करून दाखवला आणि पुढे १९३० च्या सुमाराला आखातातला नैसर्गिक मोत्यांचा व्यापार कोसळला. आज बाजारात दिसणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यात वाढवलेले असतात आणि मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. तेही खरेच मोती, त्यात फसवणूक काही नाही. पण ज्योत आणि भुकटी एवढेच सांगतात की हा मणी प्लास्टिकचा नाही. तो नैसर्गिक की शेतीतला हे क्ष-किरणाने कळते. आणि त्याची किंमत रास्त आहे का, हे तर कुठल्याच लायटरने कळत नाही! आपण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थाटामाटात द्यायचे, म्हणजे विचारायचा प्रश्न राहून जातो. बोटीवरच्या स्पामधली ती चिठ्ठी आणि हा लायटर यांचे काम एकच.

संध्याकाळी आम्ही लाड बाजारात गेलो. काचीगुड्याच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एक काकू राहतात, त्या बरोबर होत्या. मराठी घरातल्या, पण सगळा जन्म हैदराबादेत गेलेला. चारमिनारच्या पश्चिमेची ती गल्ली म्हणजे बांगड्यांचा नुसता लखलखाट. इथल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. निखाऱ्यावर लाख मऊ करून तिची बांगडी वळणारे कारागीर तिथे अजून दिसतात. आणि ओरडा तर विचारू नका! ‘आओ बाजी, देखो तो सही’ म्हणत दर चार पावलांवर कोणी तरी बोलावतो. मला वाटले, सकाळचाच प्रकार आता शंभर पटींनी होणार. काकू मात्र निवांत चालत होत्या. कोणी बोलावले की हसून ‘नक्को भाई’ म्हणायच्या आणि पुढे व्हायच्या. एका दुकानात त्यांनी अर्धा तास घासाघीस केली, दोघांनी एकमेकांना भरपूर सुनावले, आणि शेवटी भाव न पटल्यामुळे काकू उठल्या. दुकानदार म्हणाला, ‘फिर आना अम्मा.’ त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, काकूंच्या चेहऱ्यावर अपराध नाही. मी नवल केले तर म्हणाल्या, ‘अगं, त्याचं काम विकायचं, माझं काम बघायचं. त्यात वाईट कसलं वाटायचं?’

हा ‘नक्को’ म्हणजे आपला ‘नको’च बरे का. भाषेचे अभ्यासक सांगतात की दखनी बोलीत हा शब्द मराठीतून गेला. आपला नकार त्या शहराने उचलला, त्याला एक ‘क’ जास्तीचा देऊन ठणठणीत केला. आपल्याला मात्र तो वापरताना घाम फुटतो.

लाड बाजारातला गलका आणि त्या थंडगार दुकानातला मऊपणा यांत जास्त जबरदस्ती कशात आहे? माझ्या मते मऊपणात. बाजारात दोघेही उभे असतात, दार नसतेच, शेजारी दुसरे दुकान असते आणि दोघांनाही ठाऊक असते की हा खेळ आहे. घासाघीस ही बरोबरीच्या माणसांची गोष्ट आहे. पण गाडी दुसऱ्याची, दार लोटलेले, हातात त्यांचा चहा; किंवा अंगावर नुसता टॉवेल आणि चहूकडे समुद्र, अशा वेळी ‘आवडले तर घ्या’ याला काही अर्थ उरत नाही. जिथून सहज उठून जाता येत नाही तिथे विकणे हा व्यापार नव्हे, ती अडवणूक आहे. आवाज कितीही गोड असो.

यावर कोणी म्हणेल, बाई, त्या मुलींच्या पोटाचे काय? प्रश्न बरोबर आहे. शेजारच्या त्या मुलीला मूळ पगार थोडा आणि कमिशन विक्रीवर होते. रोज सकाळी कोणी किती बाटल्या विकल्या याची उजळणी व्हायची. ती मला म्हणाली, ‘लोकांचे पाय चोळायची मला कधी लाज वाटली नाही. मालिश चालू असताना मी त्यांना आवडायचे. कागद पुढे केला की त्यांचा चेहरा बदलायचा. ते मला सहन होईना.’ तिसऱ्या कराराला ती गेली नाही. म्हणजे या व्यवस्थेत भीड दोन्हीकडून पिळली जाते. गिऱ्हाइकाची आणि विकणारीचीही. म्हणून त्या मुलीवर खेकसणे हा उपाय नव्हे. आणि तिची दया येऊन नको असलेली बाटली घेणे हाही नव्हे. त्या बाटलीच्या किमतीतले तिच्या हातात थोडेच पडते, आणि दुसऱ्या दिवशीचे तिचे उद्दिष्ट मात्र वाढते. दया आलीच तर मालिश चांगले केल्याबद्दल तिच्या हातात बक्षिसी द्यावी.

कायदा अगदीच आंधळा आहे असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. थेट विक्रीचे २०२१ चे नियम सांगतात की ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा संमती यांशिवाय विक्रेत्याने आपल्या दारात येऊ नये. आणि २०२३ साली केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. त्यांत एक अशी की नकार देणाऱ्याला लाजवायचे. तिकीट काढताना विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा बटणावर बोट ठेवायला लावायचे, हे त्याचे उदाहरण. पडद्यावर लाजवणे चूक, हे सरकारला पटले. खुर्चीत बसवून, चहा पाजून लाजवणे मात्र अजून आपल्याला ‘आदरातिथ्य’ वाटते!

आणि आपण गोंयकारांनी फार नाक वर करू नये. काजूच्या दुकानापुढे पर्यटकांची बस नेमकी का थांबते, किनाऱ्यावर डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या अंगावर माळा आणि सारोंग कोण धरते, हे आपल्याला ठाऊक आहे. हैदराबादला आपण पर्यटक असतो तसा हैदराबादचा माणूस इथे असतो. तो घरी जाऊन गोव्याबद्दल काय सांगत असेल?

मग करायचे काय? माझे मत साधे आहे. नकार द्यायचा तो आधी, शेवटी नव्हे. टेबलावर आडवे होण्यापूर्वी, खुर्चीत बसण्यापूर्वी, शांतपणे सांगावे की आज फक्त मालिश, वस्तू काही घेणार नाही. पार्लरमध्येही हेच. दुसरे म्हणजे नकाराला कारण जोडू नये. ‘घरी विचारते’ म्हटले की ‘आत्ता फोन लावा’ म्हणतात, ‘महाग आहे’ म्हटले की सूट निघते. कारण दिले की त्याला उत्तर असते. नुसत्या ‘नको’ला उत्तर नसते. तिसरे, चहा प्यावा, खुशाल प्यावा! पाहुणचाराची परतफेड आभार मानून होते, खरेदी करून नव्हे. आणि मोठी वस्तू खरोखरच आवडली असेल तर एक रात्र जाऊ द्यावी. बिलावर मोती कुठल्या जातीचा ते लिहून मागावे. ‘ही किंमत फक्त आत्ताच’ म्हणणाऱ्याकडे तर उद्याही जाऊ नये. एवढे करूनही गंडवले गेलात तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

गंमत बघा, आम्ही सरकारी कारकून मंडळी दिवसभर खिडकीवर लोकांना ‘नाही, उद्या या’ म्हणत असतो. तिथे आमची जीभ अडखळत नाही, कारण नियम पाठीशी असतो. आपल्या स्वतःच्या पैशाच्या पाठीशी आपण एक नियम उभा करायला काय हरकत आहे? कोंकणीत ‘नाका’, मराठीत ‘नको’, हैदराबादेत ‘नक्को’. तिन्ही शब्द हसून म्हणता येतात. त्या आजोबांच्या पत्नीने तर तो म्हटलाही होता, अगदी वेळेवर. ऐकायला मात्र कोणी नव्हते, आणि सगळ्यांत आधी ऐकायला हवे होते ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने.