व्होल्टेजचीही वही हवी

उन्हाळ्यात रायपूरच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आज व्होल्टेज फार कमी आहे.’ किती कमी, कधीपासून, काल किती होते, असे विचारले की मात्र कोणालाच सांगता येत नाही. आपल्या शाळेत गेटमधून कोण कधी आत आले याची वही असते. आजारी कॅडेटचा ताप तक्त्यावर लिहिला जातो. मग ज्या विजेवर वसतिगृह, मेस आणि पाण्याचा पंप चालतो, तिची नोंद का नसावी? माझे मत असे की ती असावी आणि आपणच ठेवावी.

माझे घर रायपूरच्या तात्यापारा भागात आहे. छत्तीसगडला विजेची वाण नाही. तिथून सुमारे 200 किलोमीटरवरच्या कोरब्यात एकट्या एनटीपीसीच्या केंद्राची क्षमता 2600 मेगावॉट आहे. तरीही आमच्या गल्लीतला कूलर संध्याकाळी मंदावतो. याचे कारण कोरब्यात नाही, गल्लीतच आहे. ट्रान्सफॉर्मरपासून घर जितके लांब आणि तारेवर भार जितका जास्त, तितके व्होल्टेज वाटेतच खर्च होते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एक झाले. तेव्हापासून वारंवारता, म्हणजे ते 50 हर्ट्झ, सातारा असो की रायपूर, जवळजवळ सारखीच असते. तिच्यावर नियंत्रण केंद्रात रात्रंदिवस नजर असते. व्होल्टेजचे तसे नाही. ते दर फीडरला, दर गल्लीला, कधी शेजारच्या दोन घरांतही वेगळे असते. आपल्या प्लगपाशी काय चालले आहे हे दिल्लीला किंवा नागपूरला बसून कळत नाही. तिथला पहारा आपल्यालाच करावा लागतो.

घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. त्यात 6 टक्क्यांपर्यंत चढउतार चालतो, म्हणजे साधारण 216 ते 244. या पट्ट्याबाहेर गेले की किंमत मोजावी लागते. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज 10 टक्के उतरले तर उष्णता 19 टक्के घटते. पंपाची मोटर याच्या उलट वागते. तेच काम कमी व्होल्टेजवर करायला ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि शेवटी तिचे वाइंडिंग जळते. आमच्या बोरची मोटर दोन उन्हाळ्यांत दोनदा जळाली. प्रत्येक वेळी वीज कार्यालयातला माणूस सकाळी अकराला आला, मीटर लावला, 230 दाखवले आणि गेला. त्याचे मोजमाप चुकीचे नव्हते. पण आजार संध्याकाळचा आणि तपासणी सकाळची, असा तो प्रकार होता.

म्हणून गेल्या सुट्टीत सरांच्या परवानगीने मी प्रयोगशाळेतले ‘एक्सपआईज’ घरी नेले. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले हे छोटे यंत्र यूएसबीने लॅपटॉपला जोडले की ऑसिलोस्कोपचे काम करते. त्याला फक्त अधिक-उणे 16 व्होल्ट सोसतात आणि घरच्या विजेचे शिखर 325 व्होल्टचे असते. त्यामुळे मेन्सची तार त्याला थेट जोडणे म्हणजे यंत्र, लॅपटॉप आणि जीव तिन्ही धोक्यात घालणे. इलेक्ट्रिशियन असलेल्या माझ्या काकांनी 6 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर फ्यूजसह बंद डब्यात बसवून दिला आणि मी फक्त त्याच्या 6 व्होल्टच्या बाजूला हात लावला. हे काम कोणी एकट्याने करू नये.

पायथॉनच्या छोट्या प्रोग्रामने दर दहा सेकंदांनी दहा आवर्तनांचे, म्हणजे 200 मिलिसेकंदांचे नमुने घेतले, त्यांचे आरएमएस मूल्य काढले आणि वेळेसह फाइलमध्ये लिहिले. दिवसाला 8640 नोंदी होतात. चांगल्या मल्टीमीटरशी ताडून गुणक आधीच ठरवला होता.

आठवड्याच्या आलेखाने दोन गोष्टी दाखवल्या. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज रोज 216च्या खाली जात होते. हे अपेक्षित होते. पण मध्यरात्रीनंतर भार उतरला की ते 244च्या वर चढत होते आणि ते कोणाच्याच तक्रारीत नव्हते, कारण तेव्हा सगळे झोपलेले असत. ऑसिलोस्कोपमुळे तरंगाचा आकारही दिसला. संध्याकाळी त्याचे माथे चपटे होत. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे तरंगाच्या शिखरापाशीच प्रवाह ओढतात, त्याचा हा परिणाम. साध्या मीटरवर तो दिसत नाही.

आजोबांनी तो आलेख अर्जाला जोडला. या वेळी माणूस संध्याकाळी आठला आला. आमच्या बाजूची बरीच घरे एकाच फेजवर होती, त्यातली काही दुसऱ्या फेजवर घेतली गेली. संध्याकाळची घसरण कमी झाली. रात्रीचा चढ अजून आहे आणि त्याचाही अर्ज गेला आहे.

हे फक्त एका गल्लीपुरते नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने देशभर शेकडो ठिकाणी प्लगमध्ये बसणारी यंत्रे लावून मिनिटामिनिटाचे व्होल्टेज नोंदवले आणि ती माहिती सर्वांसाठी खुली केली. शहरांतल्या व खेड्यांतल्या पुरवठ्यातला फरक त्यातून आकड्यांत मांडता आला. 2020च्या वीज ग्राहक हक्क नियमांत व्होल्टेजची तक्रार ठरलेल्या मुदतीत सोडवण्याची तरतूद आहे. पण हक्क मागायचा तर हातात पुरावा हवा.

काही जण म्हणतील, स्टॅबिलायझर लावा आणि विसरा. स्टॅबिलायझर एका फ्रीजला वाचवतो, पण गल्लीतला दोष तसाच राहतो. शिवाय ज्याला तो परवडत नाही त्याच्या मोटरचे काय? आणखी काही म्हणतील, आता स्मार्ट मीटर नोंद ठेवेलच. ठेवेल, आणि ते चांगलेच आहे. पण ती नोंद मागायची कशी आणि वाचायची कशी, हे ज्याने एकदा स्वतः आलेख काढला त्यालाच कळते.

माझी सूचना साधी आहे. भौतिकशास्त्राच्या सरांच्या देखरेखीखाली आणि शाळेच्या इलेक्ट्रिशियनच्या हातून तीन ठिकाणी असे डबे बसवावेत : मेस, पंपघर आणि वसतिगृहाची शेवटची खोली. अकरावीच्या कॅडेट्सनी आळीपाळीने ड्यूटी लावून रोज फाइल तपासावी आणि महिन्याचा आलेख सूचनाफलकावर लावावा. पहिला महिना एप्रिलचा असावा, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते.