पान्यावर ‘जर्मनी’, बिलावर काहीच नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एका नियमदुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. परदेशी माल कुठल्या देशात बनला हे ऑनलाइन कंपन्यांनी नुसतं लिहून भागणार नाही. देशानुसार माल शोधण्याची आणि वेगळा काढण्याची सोयही ग्राहकाला द्यावी, असा प्रस्ताव त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण जळगाव-धुळ्याच्या गॅरेजात काम करणारा पोरगा फिल्टर लावून पाना विकत घेत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानात जातो, ढिगातून एक उचलतो, हातात तोलून बघतो आणि पैसे देतो.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगावलाही जातो. ट्रक आले की गॅरेज आलं, वेल्डिंग आलं, पंक्चरवाला आला. या कामांत आपल्या समाजाचे किती हात आहेत हे सांगायला नको. आणि हत्यारं विकणाऱ्या काउंटरवरही आपलेच भाऊबंद बसलेले असतात. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी आपल्या घरचा आहे.

पान्यावर ‘जर्मनी’ कोरलेलं असतं, किंवा ‘क्रोम व्हॅनेडियम’. आत पोलाद मऊ असेल तर चार दिवसांत पान्याचं तोंड फाकतं. बोल्टचे कोपरे झिजतात, पाना सटकतो आणि बोटं चेसिसवर आपटतात. मालकाची गाडी अडकते, मिस्त्रीची दिवसाची मजुरी जाते. हत्यार स्वस्त होतं म्हणून बिल कुणी मागितलेलं नसतं.

आपल्याकडे अशा मालाला सरसकट ‘चायना’ म्हणून मोकळं होतात. 2020 मध्ये गलवाननंतर तर बहिष्काराची लाटच आली होती, आणि त्याच वर्षी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मूळ देश लिहिणं सक्तीचं झालं. माझं मत थोडं वेगळं आहे. चीनमध्ये हलका मालही बनतो आणि उत्तमही. ‘मेड इन चायना’ असं खरं लिहून कमी भावात विकलेला पाना हा सरळ सौदा आहे. घेणाऱ्याला माहीत असतं तो काय घेतोय. खोट आहे ती जर्मनीच्या नावात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस आपण मशिदीत कितीदा ऐकली आहे. वर कोरडं, आत ओलं, हीच गोष्ट इथे लोखंडात आहे.

ही लबाडी आजची नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकू-सुऱ्यांवर इंग्लंडच्या शेफील्डचं नाव ठोकून माल विकला जायचा. त्यावर ब्रिटनने 1887 मध्ये कायदा केला, आणि 1889 मध्ये तसाच कायदा हिंदुस्थानात आला. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का तेव्हा गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होता. जर्मन कारखानदारांनी माल सुधारला आणि तोच शिक्का भरवशाचा झाला. आज आपल्या बाजारात त्याचीच नक्कल होते.

आता आपला कायदा. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांनुसार आयात केलेल्या वस्तूच्या पाकिटावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा, शिवाय कमाल किंमतही. पण हे नियम पॅकबंद मालाचे. दोरीला बांधून टांगलेला किंवा टोपलीत टाकलेला सुटा पाना त्यातून निसटतो. म्हणजे सगळ्यात गरीब गिऱ्हाईक जिथून घेतं, तिथेच लेबल नाही.

तरी कोरलेलं खोटं मोकळं सुटत नाही. ट्रेडमार्क कायदा 1999 नुसार माल कुठल्या देशात बनला याबद्दल खोटं वर्णन लावणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. विकणाराही त्यात येतो. मात्र आपण पुरेशी काळजी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कुणाकडून घेतला याची सगळी माहिती दिली, हे दाखवता आलं तर दुकानदार सुटू शकतो. ही गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. होलसेलवाल्याचं पक्कं बिल नसेल तर ही माहिती दाखवणार कशी?

गिऱ्हाइकानेही बिल घ्यावं, त्यावर हत्याराचं नाव आणि कंपनी लिहून घ्यावी. ‘पाना - 1 नग’ एवढ्याने काही होत नाही. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पाकिटावरची माहिती गायब असेल तर वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजनमापेवाल्यांच्या, कार्यालयात जावं. ‘आयएसआय’ मार्क असेल तर त्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. सुवर्णनगरी जळगावात अंगठी घेताना आपण हॉलमार्कचा नंबर बघतोच.

नीती आयोगाच्या एप्रिल 2025 च्या अहवालानुसार भारताची हातहत्यारांची निर्यात सुमारे 60 कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या बाजारात 1.8 टक्के. इथे माल बनवायला चीनपेक्षा 14 ते 17 टक्के जास्त खर्च येतो, असंही त्यात आहे. जालंधरचा कारखानदार असो की राजस्थानातल्या नागौरचा मुस्लिम लोहार, तो आपल्या पक्कडीवर आपलं खरं नाव टाकतो, तेव्हा त्याला हा फरक तर सोसावा लागतोच, वर शेजारच्या टोपलीतल्या खोट्या ‘जर्मनी’शीही भावाची झुंज द्यावी लागते. ॲपवरचा फिल्टर त्या टोपलीपर्यंत पोहोचणार नाही.