रस्ता गेला, गाव मागे राहिले

अमेरिकेतील शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या 'रूट ६६' या महामार्गाला १९२६ साली हा क्रमांक मिळाला. सुमारे ३,९०० किलोमीटरच्या या रस्त्याचे २०२६ हे शताब्दी वर्ष. त्याच्या आठवणींचे कौतुक पुष्कळ होते. कामगार बांधवांनी मात्र त्याचा जमाखर्चही पाहावा, असे आम्हांला वाटते.

१९३०च्या दशकात दुष्काळाने उठलेली शेतकरी कुटुंबे याच रस्त्याने पश्चिमेकडे गेली. पेट्रोल पंप, गॅरेजे, खानावळी, मुक्कामाच्या खोल्या यांवर गावे उभी राहिली. गिऱ्हाईक थांबावे म्हणून होलब्रुक गावात कुणी तंबूच्या आकाराच्या खोल्याही बांधल्या. पुढे १९५६ च्या कायद्याने देशभर नवे द्रुतगती मार्ग आखले गेले आणि वाहतूक गावाबाहेरून धावू लागली. ग्लेनरिओसारखी वस्ती जवळजवळ ओस पडली. १९८५ साली तर रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला.

ॲरिझोनातील सेलिग्मनची हकीकत रेल्वे कामगारांनी मुद्दाम ऐकावी. हे मुळात रेल्वेचे गाव. २२ सप्टेंबर १९७८ रोजी नवा रस्ता खुला झाला आणि गावातली वाहतूक जणू एका दिवसात आटली. १९८५ मध्ये रेल्वेनेही तेथील कामकाज बंद केले. तेव्हा एंजल डेलगाडिलो नावाचा न्हावी पुढे आला. १९८७ मध्ये त्याने गावकऱ्यांना एकत्र करून संघटना बांधली आणि राज्य सरकारकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. प्रवासी परत आले, दुकाने उघडली. संघटनेने काय साधते, हे यावरून दिसते. पण रेल्वेतली गेलेली कामे काही परत आली नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

जुने ते सारे सोने होते, असेही नव्हे. या रस्त्यावरच्या अनेक गावांत सूर्यास्तानंतर काळ्या माणसाला थांबू देत नसत. त्यांना कुठे जेवण मिळेल, कुठे खोली मिळेल, याची मार्गदर्शिका व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढली. हे ग्रीन पेशाने पोस्टमन होते आणि माहिती जमवायला त्यांना सहकारी पोस्टमनांचे साहाय्य झाले. कोणते दार कोणासाठी उघडते, हे पोस्टमनशिवाय अधिक कोणाला ठाऊक?

आता आपल्याकडे पाहू. इगतपुरीला विजेचा प्रवाह बदलत असे, म्हणून इंजिन बदलायला गाडी थांबे आणि त्या मुक्कामावर फेरीवाल्यांची चूल पेटे. प्रवाह एकच झाला, ते कारण उरले नाही. रेल्वे कर्मचाऱ्याला निदान बदलीचा हुकूम मिळतो. वडेवाल्याला कोण हुकूम देणार? ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या कडेला कोणालाही टपरी टाकता येत नाही. सोयी ठरावीक जागीच असतात. जमीन गेली त्याला मोबदला मिळतो. ज्याच्या दारातली वाहतूक गेली, त्या पंक्चरवाल्याचे, ढाब्यावरच्या पोऱ्याचे नाव कोणत्या यादीत आहे?

नव्या रस्त्याला आमचा विरोध नाही. प्रवास लवकर व्हावा, घाटातले अपघात टळावेत, हे आम्हांलाही हवेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, रस्ता सरकारी निर्णयाने हलतो, तेव्हा त्याने बुडणारी रोजीही सरकारी हिशेबात धरली पाहिजे. आराखड्याच्या वेळीच जुन्या रस्त्यावरच्या धंद्यांची मोजणी व्हावी आणि नव्या सुविधा केंद्रांतील गाळे व नोकऱ्या प्रथम त्यांना मिळाव्यात.

ही माणसे आपल्या युनियनची पावती फाडत नाहीत, हे खरे. पण त्यांच्याच गावात आपले स्टेशन आहे आणि त्यांच्याच वस्तीत आपले टपाल कार्यालय. गाव ओस पडले की पुढची गदा कोणावर येते, हे सेलिग्मनच्या रेल्वे कामगारांनी पाहिले आहे. शाखांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रात घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.