न आलेल्या यंत्राचे गोडवे

सोनी आणि निन्टेंडो यांनी मिळून घडवलेले, पण बाजारात कधीच न आलेले गेम कन्सोल हा हौशी इतिहासकारांचा लाडका विषय आहे. कथा नाट्यमय आहे, यात शंका नाही. १९८८ साली करार झाला. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे जाहीर केले. पुढे केन कुतारागी यांच्या पुढाकाराने सोनीने स्वतःचे प्लेस्टेशन काढले. ते डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीस आले. फसलेल्या संयुक्त यंत्राचा एक नमुना २०१५ साली अमेरिकेत उजेडात आला आणि मार्च २०२० मध्ये लिलावात ३,६०,००० डॉलरला विकला गेला.

माझा आक्षेप कथेला नाही, ‘न आलेले’ या शब्दाला आहे. कोठे न आलेले, आणि कोणाकडे? हा शब्द कंपनीच्या दप्तरातला आहे, आणि इतिहासकारांनी तो निमूटपणे उचलला आहे. निन्टेंडोचे फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आले. वाशीम, रिसोड, कारंजा येथील मुलांच्या दृष्टीने तेही ‘न आलेले’च होते. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती त्याची नक्कल, ‘व्हिडिओ गेम’ एवढ्याच नावाची. मूळ यंत्रातील अनेक चिपांचे काम सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात कोंबून त्यावर काळ्या राळेचा थेंब टाकलेला असे. बिघडली की दुरुस्ती नाही, पण किंमत आवाक्यातली. कॅसेटवर हजारो खेळांचा दावा असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत.

नक्कल म्हणजे चोरी, तिचा कसला इतिहास, असे कोणी विचारील. चोरी होती, हे मान्य. परंतु इतिहास मालकी हक्काचा दाखला पाहून लिहायचा नसतो. कोणी काय वापरले, कशाने एका पिढीचे हात आणि डोळे घडले, हा त्याचा विषय असतो. मूठभर नमुन्यांपलीकडे न गेलेल्या यंत्रावर लेखांमागून लेख पडतात आणि घरोघरी पोहोचलेल्या यंत्राच्या वाट्याला थट्टेचे एखादे वाक्य येते, हा प्रमाणाचा प्रश्न नाही, दृष्टीचा आहे.

वाशीमकरांना तरी हे सांगावे लागू नये. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा ही स्वतंत्र शाखा होती, हे १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडेपर्यंत अभ्यासकांना ठाऊक नव्हते. एक पत्रा उरला, म्हणून एक राजवंश उरला. प्लास्टिकच्या त्या डब्यांना असे भाग्य नाही. ते भंगारात जातात. त्यांवर ना निर्मात्याचे नाव, ना साल, त्यामुळे वापरणाऱ्यांच्या आठवणी हाच त्यांचा दस्तऐवज, आणि ती माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत. लिलावातल्या त्या एका नमुन्याची काळजी घ्यायला श्रीमंत संग्राहक समर्थ आहेत. माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला देण्यापूर्वी तो कोठून, कितीला आणला आणि त्यावर कोण काय खेळले, एवढे तरी आपण मराठीत लिहून ठेवावे.