झाकली मूठ आणि झग्यातला माणूस

ऑगस्ट १९६५ ही तारीख छापलेल्या ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १३५व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘हायड्रा’ नावाची गुप्त संघटना वाचकांपुढे आणली. हिरव्या गणवेशातले तोंड झाकलेले सैनिक, लपवलेले तळ आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा, झगा पांघरलेला एक सर्वेसर्वा. एक डोकं छाटलं की त्या जागी दोन उगवणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सर्पाचं नाव या संघटनेला दिलेलं. आपल्याकडच्या वाचकाला रक्तबीजच आठवावा. पण या सर्वेसर्वाचा झगा उतरतो तेव्हा आत निघतो आर्नल्ड ब्राउन, एका मोठ्या कंपनीतला मवाळ माणूस, ज्याच्या शब्दाला तिथले वरिष्ठ कवडीची किंमत देत नाहीत. १४०व्या अंकात तो जीव वाचवायला झगा फेकून साध्या कपड्यांत पळतो, आणि त्याचेच सैनिक त्याला न ओळखता गोळ्या घालतात. इतके दिवस लोक ज्याला भीत होते त्याचा सगळा दरारा त्या कापडात होता. सुपरहिरो कॉमिक्समध्ये खलनायकांच्या गुप्त मंडळींच्या कथा ढिगाने आहेत. त्यांतली कुठली सकस आणि कुठली पोकळ हे ओळखायला मला आर्नल्ड ब्राउनचा हा शेवट फार उपयोगी वाटतो. मंडळी किती बलाढ्य आहेत याला महत्त्व नाही. मुखवटा निघाल्यावर आपल्या ओळखीचं काही सापडतं का, हे पाहावं. गेल्या काही वर्षांत ही मूठ झाकलेलीच ठेवायची सवय लेखकांना लागली आहे, आणि ती सवय मला घातक वाटते.

गुप्त मंडळी ही या कथाप्रकाराची जन्मखूण आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ मूळचा ली फॉक यांचा, १९३६ सालचा. त्याची पहिलीच लढाई समुद्रावरच्या चाच्यांच्या एका गुप्त बिरादरीशी होती. पुढे १९४३ ते १९४५ या काळात ‘कॅप्टन मार्व्हल अॅडव्हेंचर्स’मध्ये ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ इव्हिल’ ही कथा २५ भागांत चालली. तिचा सूत्रधार मिस्टर माइंड सुरुवातीला फक्त आवाजातून भेटतो. जगभरचे दुष्ट ज्याच्या इशाऱ्यावर हलतात तो कोण, या प्रश्नावर वाचकाला झुलवत ठेवून लेखक ऑटो बाइंडर उत्तर देतात: चष्मा लावलेला, गळ्यात आवाज वाढवणारं यंत्र अडकवलेली एक अळी. मुलांसाठीची ही गंमत होती खरी, पण झाकली मूठ सव्वा लाखाची का असते ते तिने नेमकं दाखवून दिलं.

या परंपरेचा कळस मात्र १९७४चा आहे. ‘कॅप्टन अमेरिका’च्या १६९व्या अंकापासून स्टीव्ह एंगलहार्ट आणि चित्रकार सॅल ब्युसेमा यांनी ‘सीक्रेट एम्पायर’ची मालिका रंगवली. या मंडळींचं पहिलं हत्यार बॉम्ब नव्हे, जाहिरात आहे. क्वेंटिन हार्डरमन नावाचा जाहिरातवाला दूरचित्रवाणीवर कॅप्टन अमेरिकाची पद्धतशीर बदनामी करतो, आणि काल जयजयकार करणारे लोक आज संशयाने पाहू लागतात. अध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधले हाल्डेमन हे जाहिरात कंपनीतूनच राजकारणात आले होते, तेव्हा नावातलं साम्य कुणाला कळायचं राहिलं नसेल. जुलै १९७४ची तारीख असलेल्या १७५व्या अंकात मंडळींचं यान थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरतं. डाव फसतो, ‘नंबर वन’ म्हणवणारा म्होरक्या इमारतीत धावतो, कॅप्टन मागोमाग जातो आणि अध्यक्षांच्या कार्यालयात त्याचा मुखवटा ओढतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही. दिसतो तो कॅप्टनचा धक्का, आणि ऐकू येते एवढीच कबुली की त्या माणसाकडे मोठं पद होतं, पण कायद्याच्या चौकटीतली सत्ता त्याला पुरत नव्हती. मग तो तिथेच स्वतःला गोळी घालून घेतो. तो निक्सन असावा हाच आपला हेतू होता, हे एंगलहार्ट यांनी नंतर स्पष्ट सांगितलं. खुद्द निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ला पद सोडलं. अंक त्याआधीच विक्रीला आला होता. या कथेची ताकद कशात आहे? मुखवट्याआड परग्रहवासी नाही, पिढ्यानपिढ्यांचा पंथ नाही. लोकांनी मतं देऊन बसवलेला माणूस आहे. त्यामुळे खलनायक मेला तरी वाचकाची सुटका होत नाही. त्याला तिथे बसवलं कुणी, हे उत्तर त्याला आपल्यातच शोधावं लागतं.

आता याच्या शेजारी अलीकडच्या कथा ठेवून पाहा. २०११ साली स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांनी बॅटमॅनसाठी ‘कोर्ट ऑफ आउल्स’ उभं केलं. अपशकुनी मानून इमारतींच्या मोजणीतून १३वा मजला वगळतात, तर ब्रूस वेनच्या पूर्वजाच्या निधीतून बांधलेल्या इमारतींत त्या वगळलेल्या मजल्यांवरच या घुबडांची बिऱ्हाडं पिढ्यानपिढ्या दडलेली निघतात. कारागिरी अस्सल आहे. पाचव्या अंकात चक्रव्यूहात अडकलेल्या बॅटमॅनचं भान सुटत जातं तशी पानंही फिरत जातात. वाचकाला हातातला अंक आडवा करावा लागतो, मग उलटा. पण ही घुबडं म्हणजे नेमकं कोण? शहरातली जुनी धनाढ्य घराणी, असं ओझरतं सांगितलं जातं. त्यांनी जमिनी कशा बळकावल्या, कर कसे चुकवले, महापालिकेत कुणाला हाताशी धरलं, यात कथेला रस नाही. मुखवटे आणि न मरणारे मारेकरी यांतच ती रमते. २०१४चा ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ हा चित्रपट हायड्राला ‘शील्ड’ या सरकारी संस्थेच्या पोटात बसवतो, इथपर्यंत तो १९७४चा वारस आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी जर्मनीतले शास्त्रज्ञ अमेरिकेने खरोखरच आपल्याकडे नेले होते, त्याचा आधारही तो घेतो. पण पुढे जगातली अनेक दशकांची अशांतता हायड्रानेच घडवली, असं एक पात्र सांगून टाकतं आणि इतिहासातल्या खऱ्या सरकारांचा, खऱ्या निर्णयांचा हिशेब एका फटक्यात मिटतो. चित्रपटातला कॅप्टन हायड्राबरोबर शील्डही बंद करायला लावतो, हे मान्य केलं पाहिजे. ती त्याची सर्वांत प्रामाणिक जागा आहे. २०१६-१७मध्ये तर कॉमिक्समध्ये खुद्द कॅप्टन अमेरिकाच हायड्राचा असल्याचं दाखवलं गेलं. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी, अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी, हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना मुखपृष्ठावर आणलेला हा नायक. वाचक संतापले. माझी तक्रार त्यांच्याहून वेगळी आहे. चांगला माणूस हुकूमशाहीकडे कसा वळतो, हा प्रश्न विचारायचं धाडस लेखकाने केलं होतं. पण दुसऱ्याच अंकात, एका जादुई घनाने त्याचा भूतकाळ बदलला, असं उत्तर देऊन तो मोकळा झाला. नायकाचा दोष उरला नाही आणि त्याच्यामागे गेलेल्या लोकांचाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल: गुप्त कटकारस्थानं खरोखर होतात, मग कॉमिक्सने ती दाखवू नयेत का? दाखवावीतच. ८ मार्च १९७१च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही नागरिकांनी एफबीआयच्या कार्यालयात शिरून कागद पळवले आणि वृत्तपत्रांना पाठवले. सरकार आपल्याच लोकांवर पाळत ठेवतं हे त्यातून उघड झालं. पण खऱ्या कटांची जात पाहा. त्यांना कागद लागतात, टंकलेखक लागतात, बिलं लागतात. निक्सन यांना पद सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरण फुटलं ते १७ जून १९७२च्या पहाटे फ्रँक विल्स या सुरक्षारक्षकामुळे. दाराची खिटी अडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली, त्याने ती काढली; पुढच्या फेरीत पाहतो तर पुन्हा लावलेली. त्याने पोलिसांना फोन केला. खरं कारस्थान असं गबाळं असतं, आणि म्हणूनच जागरूक माणूस ते पकडू शकतो. शतकानुशतकं चुकत नाही, कुठेच सांडत नाही अशी मंडळी रंगवली की फ्रँक विल्सच्या फेरीला अर्थच उरत नाही. अशा कथेचा वाचक सत्तेवर नजर ठेवायला शिकत नाही. सगळंच वरून ठरलेलं आहे म्हणून हात टेकायला शिकतो.

दुसरा आक्षेप असा की ही करमणूक आहे, तिच्यावर एवढं ओझं कशाला? कॉमिक्स वाचून कुणी बिघडतं असं मी म्हणत नाही. त्या आरोपाखाली १९५०च्या दशकात अमेरिकेत या माध्यमाचा गळा आवळला गेला, ते पुन्हा नको. पण गोष्टी विचारांना वळण लावतात, हे नाकारलं तर चांगल्या गोष्टींचं मोलही नाकारावं लागेल. डिसेंबर २०१६मध्ये एक माणूस रायफल घेऊन वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात शिरला. बड्या राजकारण्यांची गुप्त टोळी तिथल्या तळघरात मुलांना डांबून ठेवते, ही इंटरनेटवरची अफवा त्याने खरी मानली होती. त्याने गोळ्या झाडल्या, दारं उघडून पाहिली. तिथे मुलं नव्हती. त्या इमारतीला तळघरच नव्हतं. बॅटमॅनला मात्र १३वा मजला दर वेळी सापडतो. आपल्याकडेही सगळ्या संकटांमागे एकच अदृश्य हात दाखवणारे संदेश मोबाइलवरून घरोघर पोचतात, आणि मार्व्हलचे चित्रपट पाहायला इथल्या चित्रपटगृहांतही गर्दी होते. म्हणून हा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या वाचकांचा राहत नाही.

खलनायकांच्या गुप्त मंडळी कॉमिक्समधून हद्दपार व्हाव्यात, असं माझं मुळीच म्हणणं नाही. लेखकांनी मुखवटा ओढावा आणि जे निघेल त्याकडे पाहत राहावं, एवढं धैर्य मात्र मी मागतो. एंगलहार्ट यांनी ते दाखवलं. ‘नंबर वन’ मेल्यावर पुढच्याच, १७६व्या अंकात कुठला विजयोत्सव नाही. जवळजवळ सगळा अंक बोलण्यात जातो. थॉर येतो, आयर्न मॅन येतो, फाल्कन येतो. तू लढत राहायला हवंस, असं प्रत्येक जण आपापल्या परीने समजावतो. कॅप्टन सगळ्यांचं ऐकून घेतो. आणि शेवटी, पाहिलेलं विसरता येत नाही म्हणून, तो कॅप्टन अमेरिका राहायचं नाकारतो.