पारपत्रावरचे वय

२८ एप्रिल २०१० रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीनकडून एक कांस्यपदक परत घेतले. ते होते २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमधील महिलांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्सचे. त्या संघातील डाँग फांगशियाओ हिची जन्मतारीख सिडनीत २० जानेवारी १९८३ अशी नोंदवली गेली होती. आठ वर्षांनी हीच डाँग बीजिंग ऑलिंपिकमध्ये तांत्रिक अधिकारी म्हणून रुजू झाली आणि तिच्या ओळखपत्राच्या कागदांवर तारीख उमटली २३ जानेवारी १९८६. सिडनीत ती सतरा वर्षांची नसून चौदा वर्षांची होती, हे उघड झाले ते असे. ना कोणी हेर लावला होता, ना कोणती प्रयोगशाळा. एकाच व्यक्तीच्या दोन सरकारी तारखा एकमेकींसमोर आल्या, इतकेच!

ज्या वर्षी मुलगी सोळा पूर्ण करते, त्या वर्षापासूनच तिला ऑलिंपिकमध्ये उतरता येते, असा जिम्नॅस्टिक्सचा नियम १९९७ पासून आहे. त्याआधी ही मर्यादा पंधराची होती आणि १९८१ पूर्वी चौदाची. म्हणजे जागतिक महासंघाने ही मर्यादा दोनदा वर नेली. असे का करावे लागले, हे समजल्याशिवाय वयचोरीच्या प्रकरणांचे गांभीर्य ध्यानात येत नाही.

महिला जिम्नॅस्टिक्स हा मुळात बालिकांचा खेळ नव्हता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या आग्नेस केलेती यांनी चार सुवर्णपदके मिळवली, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाच्या लारिसा लॅटिनिना १९६४ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी, तर चेकोस्लोव्हाकियाच्या वेरा चास्लावस्का १९६८ मध्ये सव्विसाव्या वर्षी पदके जिंकत होत्या. मग १९७६ साल उजाडले. माँट्रियलमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले. गुणफलकाला दहाचा आकडा दाखवताच येत नसल्याने तेथे १.०० असे झळकले. जगाने टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकांनी मात्र त्यातून वेगळाच हिशेब मांडला. ठेंगणे, हलके, वयात न आलेले शरीर हवेत लवकर फिरते. मुलगी वयात येते तशी तिची उंची वाढते, शरीराचा तोल बदलतो आणि काल सहज साधणारी उडी आज साधेनाशी होते. त्यात भर म्हणजे, त्या वयात भीती कमी आणि आज्ञाधारकपणा अधिक!

या हिशेबाची किंमत कोण मोजते? न जुळलेल्या हाडांवर दररोज पडणारा भार, मनगटाच्या आणि पाठीच्या दुखापती, वजन वाढू नये म्हणून तोडलेला आहार, लांबलेली मासिक पाळी. ज्युलिसा गोमेझ ही अमेरिकन मुलगी पंधरा वर्षांची असताना १९८८ मध्ये जपानमध्ये व्हॉल्टवरून पडली, मानेखाली लुळी झाली आणि १९९१ मध्ये तिचे निधन झाले. समान संधी हा वयोमर्यादेच्या नियमामागचा एक हेतू आहेच. परंतु माझ्या मते तो दुय्यम आहे. मुलांना मोठ्यांच्या महत्त्वाकांक्षेपासून वाचवणे हा त्याचा पहिला हेतू होय.

आणि नेमका हाच हेतू राज्यसत्तांनी पायदळी तुडवला. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक सलग तीन वर्षे पंधरा वर्षांचीच असल्याचे तिच्या देशाने नोंदवले होते. त्यातील शेवटच्या वर्षी, १९९१ मध्ये, ती जगज्जेतीही झाली. याच देशाच्या होंग सु-जाँगच्या नावापुढे निरनिराळ्या स्पर्धांत १९८५, १९८६ आणि १९८९ अशी तीन जन्मवर्षे आली. अखेर २०१० मध्ये बंदी आली आणि लंडन ऑलिंपिक हुकले. रुमानियाच्या डॅनिएला सिलिवाशने २००२ मध्ये सांगितले की, तिच्या कागदांवर तिचे वय दोन वर्षांनी वाढवले गेले होते. १९८५ मध्ये जगज्जेती ठरताना ती तेरा वर्षांची होती.

या बहुतेक प्रकरणांत साम्यवादी राजवटी दिसतात, हा योगायोग नव्हे. तेथे मुलीला शोधणारी, शिकवणारी, पोसणारी आणि तिचे पारपत्र छापणारी यंत्रणा एकच असते. जागतिक महासंघ मात्र वयाचा पुरावा म्हणून मागतो ते पारपत्रच! ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडूनच साक्ष घ्यायची, असा हा न्याय आहे. २००८ मध्ये बीजिंगला हे केशिन हिने अनइव्हन बार्सवर सुवर्ण जिंकले. नास्तिया ल्युकिनचे आणि तिचे गुण समान, १६.७२५, बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण केशिनला गेले. आदल्या वर्षीच्या चिनी बातमीत तिचे वय तेरा दिले होते. चीनने कागदपत्रे दिली, महासंघाने ती स्वीकारली आणि प्रकरण मिटले. तिच्यावर ठपका ठेवण्याचा अधिकार त्यानंतर कोणालाही नाही. पण अशी चौकशी प्रामाणिक मुलीलाही निर्विवाद निर्दोषत्व देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

मग हाडांची चाचणी का करू नये, असे कोणी विचारेल. आपल्याकडे क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी मनगटाची क्ष-किरण चाचणी करते. केंद्र सरकारनेही २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध संहिता आणली. (आपणही फार सोवळ्यात राहू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकलेली एक सबंध पिढी आपल्या घराघरांत आहे. तो निष्काळजीपणा होता, पदकासाठी केलेली लबाडी नव्हे. परंतु दाखल्यावरचे वय म्हणजे खरे वय, असे आपण तरी मानू नये.) क्रिकेटमध्ये मोठी मुले लहान होऊन खेळतात, जिम्नॅस्टिक्समध्ये लहान मुलींना मोठे केले जाते. येथे चाचणी उलटते, कारण कठोर सराव आणि अपुरा आहार यांमुळे जिम्नॅस्ट मुलींची हाडे उशिरा पक्व होतात. खरोखर सोळा वर्षांची असलेली मुलगी क्ष-किरणात चौदाची दिसू शकते, आणि मग शिक्षा निरपराध मुलीला होईल.

बेला कॅरोली या नादियाच्या जुन्या प्रशिक्षकांनी २००८ मध्ये यावर सोपा उपाय सुचवला : पाळता येत नाही तो नियमच काढून टाका. असेच करायचे तर बालमजुरीचा कायदाही मोडीत काढावा लागेल. मर्यादा उठली, तर चौदाच्या मुलीसाठी आठव्या वर्षी सुरू होणारा छळ बाराच्या मुलीसाठी सहाव्या वर्षी सुरू होईल. बर्फावरील फिगर स्केटिंगने उलट मार्ग धरला. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन कामिला व्हालिएव्हाचे उत्तेजक प्रकरण घडल्यावर त्या महासंघाने वरिष्ठ गटाची मर्यादा टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरावर नेली.

शिवाय, मोठ्या वयात हा खेळ जमत नाही हे आता कोणी म्हणू नये. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील व्हॉल्टची अंतिम फेरी आठवावी. सुवर्ण जिंकणारी सिमोन बाइल्स एकोणीस वर्षांची, ०.१५ गुणाने पदक हुकलेली आपली दीपा कर्माकर तेवीस वर्षांची आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना चक्क एक्केचाळीस वर्षांची! बाइल्सने २०२४ मध्ये पॅरिसला सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा सर्वसाधारण अजिंक्यपद पटकावले.

खरा प्रश्न शिक्षेचा आहे. सिडनीच्याच स्पर्धेत रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानने संघाच्या डॉक्टरांनी दिलेली सर्दीची गोळी घेतली आणि तिचे सर्वसाधारण अजिंक्यपदाचे सुवर्ण गेले. डाँगच्या प्रकरणातही निकालपत्रकातून पुसले गेले ते त्या मुलीचे नाव. चौदाव्या वर्षी आपले पारपत्र कोण छापते, हे तिच्या हाती होते काय? तिच्या संघातील एकवीस वर्षांच्या लिउ शुआनचेही सांघिक पदक गेले. तिच्या वयाबद्दल तर कोणाला शंकाच नव्हती. चौथ्या आलेल्या सहा अमेरिकन मुलींना ते कांस्य ऑगस्ट २०१० मध्ये मिळाले. त्यांतील डॉमिनिक डॉझ तोवर तेहतीस वर्षांची झाली होती.

महासंघाने २००९ पासून खेळाडूंना परवाना देण्याची पद्धत सुरू केली, हे योग्यच झाले. परंतु परवान्यातील पहिली तारीखही सरकारी पारपत्रावरूनच येते. ही नोंद मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना, तिच्या पदकाची कोणालाही घाई नसताना व्हावी, आणि पुढे त्या तारखेत कारणाशिवाय बदल होऊ नये. लबाडी सिद्ध झाल्यास राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष, सचिव आणि मुख्य प्रशिक्षक यांना आजन्म बाहेर काढावे, तसेच त्या संघटनेची मान्यता एका ऑलिंपिकपुरती गोठवावी. मुलीचे पदक परत घ्यावेच लागेल, कारण ते दुसऱ्या कोणाचे तरी असते. मात्र, ती अल्पवयीन असताना इतरांनी तिच्या नावे हे केले, असे त्या निकालातच नोंदवलेले असावे.